डाव्या दाराचं पॅनल

१

आमच्या स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली आहे. पिठाचे डबे, जुन्या गाद्या, बंद पडलेला मिक्सर, असलं सगळं तिथं. त्या खोलीची एक भिंत आमची आणि शेजारच्या मिस्त्रीची सामाईक. पलीकडे त्याचं घर, आणि घरातच काम चालतं. गाड्यांच्या दारांना आतून जी पॅनलं असतात, ती तो नव्याने घडवतो, मोठे स्पीकर बसतील अशी. कुणाला दारात एक स्पीकर हवा, कुणाला तीन, आणि दर गाडीचं दार वेगळं. दुकानात आयतं मिळत नाही. माप घेऊन हातानेच करावं लागतं.

दुपारची भांडी आवरली की मी त्या खोलीत जाते. उगीच नाही जात, काम काढून जाते. डाळ निवडायची असते, डबा पुसायचा असतो. मग जरा भिंतीशी टेकते. उजवा कान लावते, कारण डाव्याने मला लहानपणापासून कमी येतं. करवत चालली की समजायचं, स्पीकरसाठी प्लायचं कडं कापतोय. खट् खट् आलं की कापड ताणून पिना मारतोय. मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे ब्रशने रेझिन, ते चिकट रसायन, लावतोय. आणि शेवटी खर्र खर्र, म्हणजे घासतोय. गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण मिस्त्री आज जेवला की नाही हे मी भिंतीवरून सांगू शकते.

आमचे हे म्हणतात, "त्या कानाला आता पेन्शन दे." म्हणू देत. ती दोघं नवरा-बायको इथं राहायला आली तेव्हा त्यांच्या घरात धड एक पातेलं नव्हतं. पहिला चहा माझ्या हातचा प्यायली. पोरांची काळजी वाटते माणसाला.

भिंतीवर मी जिथं टेकते तिथं डोक्याच्या तेलाचा डाग पडलाय, तळहाताएवढा. त्यावर मी कॅलेंडर लावलंय. नुसती काळजीच असती तर कॅलेंडर कशाला लागलं असतं, हे काही मी स्वतःला विचारलं नव्हतं.

२

थंडी सरत आली होती. मिस्त्रीच्या बायकोने कुंपणावरून हाक मारली, "काकू, ताणलं जाईल असं जुनं कापड आहे का हो? याचं संपलंय आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय."

गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्रीचा जुना दोस्त, स्वतःची गाडी भाड्याने चालवणारा. त्याला पुढच्या दोन्ही दारांची पॅनलं हवी होती. मी माझी शाल काढून दिली. लोकरी नव्हे, ती मऊ, स्वेटरसारखी ताणणारी. वर्षानुवर्षं डोक्याला गुंडाळून वापरलेली. थंडीत भिंत गार पडते, आणि गार भिंतीला कान लावला की ठणका लागतो, म्हणून मी ती कानावरून घेऊनच त्या खोलीत जायची.

ती शाल घेऊन मी मुद्दाम आतवर गेले, बघायला मिळतं म्हणून. टेबलावर दाराचा प्लायचा सांगाडा आडवा होता. त्यावर स्पीकरचं कडं, थोडं वर उचलून, तिरकं बसवलेलं, म्हणजे आवाज माणसाच्या गुडघ्यावर न आपटता तोंडाशी यावा. मिस्त्रीने शाल कापून त्यावर टाकली, एका बाजूने तो ओढत होता आणि दुसऱ्या बाजूने ती. सुरकुती उरली नाही. मग त्याने रेझिनमध्ये हार्डनर टाकून ढवळलं, तसा तो डोक्यात जाणारा वास उठला आणि ती नाकाला पदर लावून लगेच बाहेर गेली. एरवी ती तिथंच बसून ब्रश मारायची. आता वास टाळत होती. माझ्या डोळ्यांनी ते टिपलं.

"आता हे कापड रेझिन पिणार," मिस्त्री म्हणाला. "पिऊन दगड होणार. मग आतून काचेची जाळी चिकटवायची, बाहेरून पुट्टी, घासायचं, वर रेक्झिन. तुमची शाल आता पन्नास वर्षं मरत नाही, काकू."

मला तेव्हा हसू आलं होतं.

३

ती वास का टाळत होती, ते मला पुढच्याच आठवड्यात भिंतीतून कळलं. तिला दिवस गेले होते, आणि जे होतं ते गेलं. दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती रडत होती, मोठ्याने नाही, उशीत तोंड घालून रडतात तशी. तो सारखं एकच म्हणत होता, कुणाला सांगायचं नाही, आईला तर नाहीच नाही, आपलं आपण सोसू.

मी सगळं ऐकलं. डाळ मांडीवर तशीच.

मिस्त्रीची आई दुसरीकडे, थोरल्याकडे राहते. चार-आठ दिवसांनी चक्कर मारते. ती आली तेव्हा मी दारातच होते. मी म्हटलं, "सुनेला जरा जपा हो, नाजूक झालीय बिचारी." ती म्हणाली, कशाने? आणि मी सांगितलं. जिभेवर आलेलं मी कधी गिळलं नाही. पण खोटं कशाला बोलू, सांगताना आतून एक ऊब वाटली. आपल्याला माहीत आहे आणि समोरच्याला नाही, त्याची असते ती.

त्यानंतर भिंतीपलीकडे जे झालं ते ऐकायला कान लावायची गरज नव्हती. सासू म्हणाली, माझ्यापासून लपवता? म्हणाली, त्या विषारी वासात जाऊन बसत होतीस, तूच घालवलंस. नंतर सासू निघून गेली आणि ती दोघं उरली. तो म्हणाला, आईला तू सांगितलंस. ती म्हणाली, मी कशाला सांगेन, तूच सांगितलंस, तुझ्या पोटात कधी आईपासून काही राहिलंय? दोघांशिवाय कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे दोघांनाही दुसऱ्यावर खात्री होती.

मी एक वाक्य बोलले असते तर मिटलं असतं. मी सांगितलं, मी भिंतीतून ऐकलं. एवढंच वाक्य. पण त्यातला दुसरा अर्धा भाग तोंडातून कसा काढायचा? माझ्या वयाच्या बाईने?

मी त्यांच्याकडे खीर पाठवली.

४

एका सकाळी मिस्त्रीने मला हाक मारली. दारात उभा, अंगभर पांढरी धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. म्हणाला, जरा एक गंमत बघा.

उजव्या दाराचं पॅनल भिंतीला टेकवून ठेवलं होतं, अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत. डावं टेबलावर होतं. त्यावर, स्पीकरच्या भोकाच्या थोडं वर, जिथं सपाट असायला हवं तिथं एक उंचवटा आला होता.

"आत हवा राहिली की फुगा येतो," तो म्हणाला. "पण फुगा गोल असतो. हे बघा कसं वळलंय. शंखासारखं."

मी वाकून बघितलं. बाहेरची कड वळून वर गेलेली, आत दुसरी कड, मध्ये खळगा. कापडाच्या पलीकडून कुणी कान लावून उभं राहिलं, तर अलीकडे जसा उठेल, तसा. त्याने पॅनल उलटं करून आतली बाजू दाखवली. बाहेर उठाव आहे म्हणजे आतून खोलगट असायला हवं. आतून सपाट होतं. मिस्त्री त्यावरूनच चक्रावला होता.

मी मात्र खालच्या टोकाकडे बघत होते. पाळीकडे. माझं लग्न नवं असताना एक जड डूल अडकून माझ्या उजव्या कानाची पाळी फाटली, ती कधी शिवलीच नाही. दोन टोकं वेगळी लोंबतात, माशाच्या शेपटीसारखी. टेबलावरच्या त्या कानाची पाळी तशीच होती.

"काय वाटतं?" त्याने विचारलं.

मी पदर डोक्यावरून पुढे ओढला. म्हटलं, "जुनं कापड ना रे ते. कुठंतरी सैल पडलं असेल."

"असेल," तो म्हणाला आणि घासायला लागला.

मी घरी पोचायच्या आधीच माझ्या कानाची आग व्हायला लागली. काचेची कूस टोचते तशी, बारीक, हजार ठिकाणी. आरशात बघितलं तर कान लाललाल, आणि वळ्यांत पांढरी धूळ. त्याच्याकडून उडाली असेल, असं मी म्हटलं. खोबरेल लावलं. भिंतीपलीकडे खर्र खर्र चालूच होतं, आणि ते मला भिंतीतून येत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी पॅनलवर तो कान परत उठला होता. पुट्टी भरून सपाट केल्यावर. आधीपेक्षा ठळक.

मी मनाची समजूत घालत होते. बायकांच्या निम्म्या पाळ्या फाटलेल्याच असतात. आणि शाल डोक्याला बांधून बांधून तिला तसा आकार पडला असेल, गादीला नाही का खड्डा पडत? एवढ्यावर मी जवळजवळ निवांत झाले होते. पण मिस्त्री हट्टी. त्याने ते पॅनल फोडलं. नवा प्लाय, नवं कडं, आणि या वेळी दुकानातून आणलेलं कोरं कापड. शालीचा एक धागा नाही. फोडलं त्या दुपारी मी दोन्ही हातांनी कान धरून जमिनीवर बसून होते. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, ठणका. हे म्हणाले, वापर कमी कर.

मी खोलीत जाणं बंद केलं. देवाशपथ बंद केलं. डाळ ओट्यावर निवडायला लागले.

नव्या कापडावर रेझिन सुकलं. मिस्त्रीने हाक मारली नाही, हसला नाही. मी कुंपणावरून बघितलं. तो पॅनलपासून लांब, पायरीवर बसून होता आणि पॅनलवर त्याने पोतं टाकलं होतं. त्याची बायको उंबऱ्यात उभी होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, किती तरी दिवस बोलत नव्हती. ती आत गेली, पोतं वर केलं, बघितलं. मग मान वळवून तिने कुंपणाकडे बघितलं.

माझा पदर वाऱ्याने खांद्यावर आला होता.

६

ती संध्याकाळच्या आत आमच्या घरी आली. खिरीचं भांडं परत द्यायला. मी चहा टाकला. ती नेहमी ओट्याशी उभी राहून बोलायची, पण आज माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. मी वळले की तीही वळायची. चहा गाळताना मला तिची नजर कानावर जाणवत होती, माशी बसल्यासारखी.

"काकू, सामानाच्या खोलीत एक डबा दिसेल का रिकामा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी देते. पण ती आत गेलीच. मी चहाची गाळणी हातात धरून तशीच उभी. आत कॅलेंडर सळसळलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा नव्हता. चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने नुसतं बघितलं, आपल्याच घरातल्या माणसाला नको त्या अवस्थेत बघावं तसं, आणि तिनेच नजर खाली घेतली. चहा प्यायली, सगळा. कप विसळून ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी स्वयंपाकघरात उभी होते. भिंत लांब. मिस्त्री सामान आणायला बाहेर गेलेला, त्याची स्कूटर गेलेली मी बघितली होती. पलीकडे शांत होतं. आणि माझ्या उजव्या कानात ऊन श्वास आला.

मी मागे वळले. कुणी नाही. गॅसवर दूध.

"काकू," ती म्हणाली. इतक्या जवळून, की ओठ लागल्यासारखं. "तुम्ही ना?"

मी दुधाच्या पातेल्याकडे बघत राहिले.

"मी त्याला सांगणार नाही. मी सांगितलं तर म्हणेल, आपलं पाप शेजारणीवर ढकलतेय. तुम्ही सांगा. भाऊजी गाडी न्यायला येतील तोपर्यंत वाट बघते. नाहीतर मी माहेरी जाते. मला नाही सोसवत त्याची ती नजर."

मग एकदम हळू म्हणाली, "त्याला वाटतं मी त्याचा विश्वास मोडला."

दूध उतू गेलं. मी ओठ हलवले, हो म्हटलं, सांगते म्हटलं, रिकाम्या स्वयंपाकघरात. पण कानाला तोंड नसतं. पलीकडे काही पोचलं असेल असं मला वाटत नाही.

७

रेक्झिन चढवलं त्या दिवशी माझ्या कानात दडा बसला. मिस्त्री गरम हवेने रेक्झिन मऊ करत करत बोटांनी दाबत गेला असणार, कडा आत मुडपत. मला ते बोटांनिशी कळलं. त्या कानाशी आला तेव्हा तो थांबला. मग अंगठ्याने जोरात दाबलं. मी ताटावर बसले होते, हातातला घास खाली पडला. त्यानंतर सगळं मऊ, लांबून आल्यासारखं झालं. भिंतीपलीकडून येतं तसं.

वरून काही दिसत नव्हतं म्हणे. काळं, चकचकीत, झकास पॅनल. मित्र खूश झाला.

तो गाडी न्यायला आला तेव्हा मी दारात होते. सकाळपासून मी पाचदा चप्पल घातली आणि काढली. प्रत्येक वेळी वाक्य तयार होतं. मिस्त्री गाडीच्या दारात वाकून स्क्रू पिळत होता, हसत होता मित्राशी, उसनं हसू. मी म्हटलं, लोकांसमोर कसं सांगायचं. मग मित्र आत पाणी प्यायला गेला आणि मिस्त्री एकटाच उरला. मी म्हटलं, कामात आहे, आत्ता नको.

ती बाहेर आली, हातात बॅग. मित्राला म्हणाली, भाऊजी, मला स्टँडवर सोडाल का? त्याने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने पान्ह्याकडे बघितलं. ती पुढच्या सीटवर बसली, डाव्या बाजूला, आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं. पुरेसा वेळ बघितलं. मी हात वर केला, निरोप देतात तसा. देवा, मी निरोप दिला तिला.

गाडी कोपऱ्यावरून वळली. माझ्या कानात गाणं सुरू झालं, छातीत धडधडणारं, नव्या स्पीकरचं. ती म्हणाली, बंद करता का जरा. बंद झालं.

मिस्त्री कुंपणाशी आला. तोंड उतरलेलं. हातावर अजून काचेची चमक होती. "काकू," तो म्हणाला, "तुम्हाला काही बोलली का हो ती? तुमच्याकडे यायची ना. कशामुळे जातेय ते तरी?"

त्याच वेळी तिने डोकं दाराला टेकलं. केसांची सळसळ झाली, मग गाल लागला, गरम, ओला. गाडी खड्ड्यात आदळली की तिचं कपाळ माझ्या कानावर आपटत होतं.

"सांगितलंत का, काकू?" ती म्हणाली.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. स्टँड यायला अजून वेळ होता, स्कूटर तिथंच होती. अजून गाठली असती त्याने.

"नाही रे," मी म्हणाले. "मला कशाला काय सांगेल ती?"

तो मान हलवून आत गेला. तिने गाडीत आणखी काहीतरी बोलायला सुरुवात केली, माझ्याशी की स्वतःशी कळेना, कारण रेक्झिनमधून अस्पष्ट येत होतं.

मी घरात आले. सामानाच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, खाली बसले. आणि डाव्या कानावर हात घट्ट दाबून धरला, नीट ऐकू यावं म्हणून.